घरचा स्विमिंग पूल: स्वतः कुठवर सांभाळायचा आणि जाणकार माणूस कधी बोलवायचा?

निळी_पायरी

नमस्कार मंडळी,

आमच्या घरामागे छोटा पूल आहे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे ४८,००० लिटर पाणी. गेली तीन वर्षं त्याचं सगळं मीच बघते. रोज जाळीनं पानं काढायची, आठवड्यातून दोनदा भिंती घासायच्या, स्किमरची (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची) टोपली रिकामी करायची, बॅकवॉश द्यायचा (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुवायचा), पट्टीनं पाणी तपासायचं. हे काम मला मनापासून आवडतं. सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रोज सकाळी अर्धा तास पाण्यात चालतात, त्यामुळे पाणी चांगलं राहणं ही आमच्याकडे नुसती हौस नाही.

गेला दीड महिना मात्र काही केल्या जमत नाहीये. पाणी दुधाळ होतं, मग कोपऱ्यांत हिरवट झाक येते. क्लोरीनचा मोठा डोस दिला की दोन-तीन दिवस बरं, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पट्टीवर क्लोरीन ३ आणि पीएच ७.४ येतो, म्हणजे दोन्ही ठीकच. असे चार डोस देऊन झाले. घरचे म्हणतात माणूस बोलव. मला ते जड जातंय, कारण तीन वर्षं हे मी निभावलंय. पण आता मी अंदाजानं रसायनं ओततेय, हेही मला कळतंय आणि त्याची भीती वाटते. सासऱ्यांना सध्या पाण्यात उतरू देत नाही.

तुम्ही हे कसं ठरवता? कोणत्या टप्प्यावर म्हणता की आता दुसऱ्याला विचारायला हवं?

ओले_पाय

वाचतेय. आमच्याकडे पुढच्या महिन्यात पूल भरणार आहे, त्यामुळे हा धागा अगदी वेळेवर आला.

दोन_बादल्या

ताई, मी बारा वर्षं घरचा पूल सांभाळतोय. माझा नियम असा आहे: एकच उपाय दोनदा केला आणि दुखणं परत आलं, तर तिसऱ्यांदा तो करायचा नाही. आपल्याला कारण कळलेलं नाही असा त्याचा अर्थ. कारण शोधायला आपल्याकडे वेळ आणि साधन असेल तर शोधावं, नसेल तर ते असलेल्याला बोलवावं. तुमचे चार डोस झालेत.

माझंच सांगतो. एका वर्षी पूलचं पाणी रोज २ सेंटिमीटर उतरायला लागलं. उन्हानं उडत असेल म्हणून मी महिनाभर नळी लावून भरत राहिलो. तुमच्याएवढ्या पूलमध्ये १ सेंटिमीटर म्हणजे ३२० लिटर, तेव्हा हिशेब करा. मग कुणीतरी बादलीची चाचणी सांगितली. पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात पूलचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरायचं, आत आणि बाहेर खूण करायची आणि चोवीस तासांनी बघायचं. बादलीतलं जितकं उतरलं तितकं हवेत गेलं. पूलमधलं त्याहून जास्त उतरलं तर गळती आहे. मी हे एकदा पंप चालू ठेवून केलं आणि एकदा बंद ठेवून. पंप चालू असताना गळती कितीतरी जास्त होती. म्हणजे भिंत फुटलेली नाही, घोळ पाइपांच्या बाजूला आहे. इथवर मी पोचलो.

त्यापुढे मात्र मी फरशी उखडायला निघालो होतो. पाइप जमिनीखाली कुठे गळतोय ते बघायचं म्हणून कामगारसुद्धा सांगून ठेवला होता. बायको म्हणाली, आधी जाणकाराला दाखवू. तो माणूस आला, पंपघरात गेला आणि फिल्टरच्या पाण्याची दिशा बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या सांडपाण्याच्या पाइपावरची काच बघितली. व्हॉल्व्ह 'फिल्टर'वर असतानाही त्या काचेतून पाण्याची बारीक धार जात होती. आतलं रबरी गॅस्केट उचललं गेलं होतं. रोजचं पाणी तिथून थेट गटारात. दहा मिनिटांत सापडलं. चूकही माझीच होती, पंप चालू असताना मी त्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचो. तसं केलं की हे गॅस्केट सुटतं. आता आधी पंप बंद, मग दांडा.

मोकळा_वेळ

मी वेगळ्या मताचा आहे. पहिल्या दिवसापासून माणूस ठेवावा. आठवड्याचे तीन-चार तास वाचतात आणि जबाबदारी त्याच्यावर राहते. आपण इतर यंत्रं स्वतः दुरुस्त करत नाही, मग पूलच का?

झाकण_उघडं

@मोकळा_वेळ, वेळेचं पटलं. जबाबदारीचं नाही पटलं, आणि त्यामागे अनुभव आहे.

आम्ही पहिल्या दिवसापासून माणूस ठेवला होता. आठवड्याला यायचा, जाळी फिरवायचा, स्किमरच्या टोपलीत क्लोरीनच्या गोळ्या टाकायचा आणि जायचा. पाणी नितळ दिसायचं, आम्ही खूश. दीड वर्षानं मुलीचे पाय खरचटायला लागले. हात लावून पाहिलं तर तळाचा गिलावा कानशीसारखा खरखरीत झालेला. दुसऱ्या एकाला बोलावून पाणी तपासलं: पीएच साडेसहाच्या खाली, क्षारता (पीएच स्थिर ठेवणारा गुण) जेमतेम ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३०), हवी होती ८० ते १२०. या गोळ्या चांगल्याच आम्लधर्मी असतात. पंप बंद असतो तेव्हा स्किमरमधलं पाणी आंबट होत बसतं आणि पंप सुरू झाला की ते पहिल्यांदा हीटरच्या तांब्यातून जातं. आमचा हीटर आतून खाल्ला गेला. पायऱ्यांवर जे निळे-हिरवे डाग आम्ही शेवाळ समजून घासत होतो, ते विरघळलेलं तांबं होतं.

दीड वर्षात त्या माणसानं एकदाही पाणी तपासलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून माणूस बोलवाल तेव्हा एवढं बघा: तो आधी तपासतो का आधी ओततो. तपासत असेल तर आकडे तुमच्या वहीत लिहायला सांगा. चांगला माणूस आनंदानं लिहितो.

पंपघर

मी याच धंद्यात आहे. पूल बांधतो आणि सांभाळतोही, अठरा वर्षं झाली. निळी_पायरी ताई, चार गोष्टी सांगा.

क्लोरीन कोणत्या रूपात घालता, द्रव, पावडर की गोळ्या? सायन्युरिक ॲसिड, म्हणजे स्टॅबिलायझर, कधी मोजलंय का? पट्टी सोडून थेंबांचं किट आहे का? आणि फिल्टरचा गेज (आतला दाब) किती दाखवतो, बॅकवॉशच्या लगेच नंतर किती असतो?

निळी_पायरी

सगळ्यांचे आभार.

पहिलं वर्ष द्रव क्लोरीन वापरलं. मग डबे उचलणं त्रासाचं व्हायला लागलं, म्हणून दोन वर्षं टीसीसीए या क्लोरीनच्या गोळ्याच. सायन्युरिक ॲसिड कधी मोजलेलं नाही, पट्टीवर तो रकाना आहे पण मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. थेंबांचं किट आज मागवते. गेज २० पीएसआय दाखवतो, बॅकवॉशनंतर १८. स्वच्छ असताना मुळात किती होता ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.

गोळाबेरीज

किट आलं की एक सावधगिरी. क्लोरीन मोजायच्या डीपीडी चाचणीत गुलाबी रंग येतो. पण क्लोरीन फारच जास्त असेल तर तो रंग उमटता उमटता उडून जातो आणि नमुना पांढरा राहतो. माझ्या भावानं ते शून्य समजून तीन दिवस क्लोरीन ओतलं. पोहणाऱ्यांचे कपडे विटले तेव्हा लक्षात आलं. मोठ्या डोसानंतर नमुना रंगहीन दिसला तर एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग क्लोरीन नसलेलं साधं पाणी घेऊन पुन्हा मोजा, आणि आलेला आकडा पाचनं गुणा.

रात्रपाळी

पाण्याच्या रसायनात मला गती नाही. मी वीजतंत्री आहे, म्हणून फक्त माझ्या विषयापुरतं, पण कृपा करून सगळ्यांनी वाचा.

रसायन चुकलं तर बहुतेक वेळा दुरुस्त करता येतं. विजेच्या चुकीला दुसरी संधी नसते. पूलमधला दिवा, पंपाची जोडणी, हीटर, मिठाच्या क्लोरिनेटरची पेटी, शिडीचं आणि कठड्याचं अर्थिंग, यातल्या कशालाही स्वतः हात लावू नका. दिव्याच्या काचेमागे पाणी दिसलं तर दिवा बंद ठेवा आणि माणूस बोलवा. पंप सुरू केला की ब्रेकर पडतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा वर करू नका, तो पडतोय म्हणजे आपलं काम करतोय.

पाण्यात किंवा ओल्या शिडीला हात लावताना मुंग्या आल्यासारखं वाटलं, अगदी किंचितसुद्धा, तर लगेच पाण्यापासून दूर व्हा, शिडीला न शिवता. इतरांना बाहेर यायला सांगा. कुणी पाण्यात आखडलेलं दिसलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. आधी मेन स्विच बंद, मग काठावरून लाकडी किंवा फायबरची काठी. पाण्यात झिरपलेला थोडासा प्रवाहही स्नायू आखडवतो, माणसाला पोहताच येत नाही आणि तो आवाज न करता बुडतो.

घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, पूलचा मेन स्विच कुठे आहे ते माहीत हवं. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आजच्या आज बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचा. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

ओले_पाय

रात्रपाळी दादा, खूप आभार. आमच्या नव्या पूलच्या कामात हे सगळं विचारून घेते.

निळी_पायरी

किट आलं. क्लोरीन ३, पीएच ७.४, क्षारता १००. सायन्युरिकच्या चाचणीत नळीत पाणी ओतताना तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत थांबायचं असतं. माझा ठिपका १०० च्या खुणेच्याही आधीच गायब. पत्रकात म्हटल्याप्रमाणे निम्मं साधं पाणी मिसळून पुन्हा केलं, ९० आलं. म्हणजे १८०?

पंपघर

हो, १८०. तुमचं दुखणं सापडलं.

सायन्युरिक ॲसिड उन्हापासून क्लोरीनला वाचवतं, म्हणून थोडं हवंच. उघड्या पूलमध्ये ३० ते ५० पीपीएम पुरे. पण ते क्लोरीनला धरून ठेवतं. जितकं ते जास्त, तितकं मोकळं क्लोरीन कमी आणि काम मंद. आम्ही ठोकताळा असा धरतो की क्लोरीन सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के हवं. तुमच्या १८० ला ते साडेतेरा होतं. तुम्ही ३ वर चालवताय. पट्टी खोटं बोलत नव्हती, क्लोरीन पाण्यात होतंच, पण शेवाळ मारण्याइतकं मोकळं नव्हतं.

हे आलं गोळ्यांतून. टीसीसीएनं १० पीपीएम क्लोरीन दिलं की त्याबरोबर ६ पीपीएम सायन्युरिक येतं. रोज २ पीपीएम क्लोरीन लागत असेल तर पाच दिवसांत ६, महिन्यात ३६. क्लोरीन खर्च होतं, हे जवळपास तसंच साठत राहतं. ऊन ते खात नाही, फिल्टर ते अडवत नाही. बॅकवॉश आणि ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर थोडं जातं, म्हणून तुमचं १८० वर राहिलं. एरवी याहून कितीतरी वर गेलं असतं.

हे कमी करण्याचा खात्रीचा मार्ग एकच, पाणी बदलणं. आणि यापुढे क्लोरीन द्रव रूपात. कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर घेणार असाल तर गोळ्यांच्या डब्यात, तरंगत्या डिस्पेन्सरमध्ये किंवा त्याच चमच्यानं कधीही नाही. ही दोन क्लोरीनं एकमेकांना लागली तर आग लागते, स्फोटही होतो. ॲसिडही या दोघांपासून दूर ठेवायचं, एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

निळी_पायरी

कारण कळल्यानं किती हलकं वाटतंय ते सांगता येत नाही. मग रविवारी पूल पूर्ण रिकामा करते, घासून घेते आणि ताज्या पाण्यानं भरते. सबमर्सिबल पंप घरात आहेच. इथे आठवडाभर जोराचा पाऊस झालाय, आज उघडलाय.

पंपघर

ताई, थांबा. रविवारी नाही, आणि पूर्ण तर नाहीच.

आठवडाभर पाऊस झालाय म्हणजे पूलभोवतीच्या जमिनीत पाणी वर आलेलं असणार. आत ४८ टन पाणी आहे म्हणून तुमचा पूल जागेवर बसलाय. ते काढलंत की खालचं पाणी त्याला वर ढकलतं. भूजल तळापेक्षा एक मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला एक टन जोर. रिकामा पूल म्हणजे जमिनीत रुतलेली होडी. फायबरचे पूल अख्खे वर आलेले मी पाहिलेत, काँक्रीटचा तळ मधोमध फुगून फुटलेला पाहिलाय. मग पाइप तुटतात, फरशी उचलते आणि तो पूल बहुधा नव्यानंच बांधावा लागतो.

तळाच्या ड्रेनमध्ये काही ठिकाणी दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तुमच्याकडे आहे का, चालू आहे का, हे पाणी असताना काठावरून कळत नाही. पूल पूर्ण रिकामा करणं हे मालकानं एकट्यानं करायचं काम नाहीच. तुमच्या मूळ प्रश्नाला माझ्याकडून हे उत्तर घ्या. विचार दोन गोष्टींचा करायचा: कारण मला ठाऊक आहे का, आणि चुकलं तर परत फिरता येतं का. पीएच चुकला तर उद्या सुधारता येतो. तरंगलेला पूल खाली बसवता येत नाही.

परत फिरता न येणाऱ्या कामांत मी विजेचं काम धरतो, फिल्टरचं झाकण उघडणं धरतो (आत दाब राहिला असेल तर झाकण उडून जीव जातो) आणि तळाच्या ड्रेनवरची जाळी धरतो. जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर पंप बंद, आणि ती बदलेपर्यंत कुणीही पाण्यात उतरायचं नाही. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनला खेचली जाऊन बुडाली. त्या ओढीतून तिला सोडवणं तिच्या आईलाही एकटीला जमलं नाही. २००७ मध्ये तिकडे तिच्या नावानं कायदा झाला. मी प्रत्येक पूलवर गेलो की पहिल्यांदा जाळी बघतो.

तुमच्या बाबतीत: जवळच्या एखाद्या जाणकाराला एकदा बोलवा. जमिनीतलं पाणी किती वर आहे ते तो बघेल आणि किती काढायचं ते सांगेल. शिवाय बॅकवॉशनंतरही गेज १८ असणं मला खटकतंय, फिल्टरही उघडून बघू दे.

मोकळा_वेळ

हे मला अजिबात माहीत नव्हतं. आमचा माणूस दरवर्षी पूल रिकामा करतो, नेमका पाऊस संपल्यावर. आजच त्याला फोन करून जमिनीतलं पाणी बघतो का ते विचारतो.

झाकण_उघडं

@मोकळा_वेळ, जमलं तर विचारताना स्वतः तिथे उभे राहा. आणि उत्तर काय मिळालं ते इथे नक्की लिहा.

दोन_बादल्या

पंपघर, मीही दोनदा रिकामा केलाय, एकट्यानं. दोन्ही वेळा ऐन उन्हाळा होता म्हणून वाचलो असं आता वाटतंय. हा प्रतिसाद माझ्या पंपघराच्या दारावर चिकटवतो.

निळी_पायरी

तीन आठवड्यांनी लिहितेय.

माणूस बोलावला. त्यानं आल्यावर पहिल्यांदा जाळी बघितली, मग माझी वही मागितली. बरं वाटलं. कुंपणाजवळ बांधकामाच्या वेळी ठेवलेला एक उभा पाइप आहे, मला तो कशासाठी आहे तेच ठाऊक नव्हतं. त्यात टेप सोडून त्यानं दाखवलं: जमिनीतलं पाणी पूलच्या तळापेक्षा जवळजवळ ८० सेंटिमीटर वर होतं. मी त्या रविवारी काय करणार होते ते आठवून रात्री झोप लागली नाही.

त्यानं सांगितलं, एका वेळी चौथाई पाणी काढायचं, भरायचं, एक दिवस फिरवायचं, मोजायचं, मग पुढची फेरी. चौथाई म्हणजे साधारण ३७ सेंटिमीटर. एवढी पातळी उतरली की स्किमर हवा ओढतो, म्हणून मुख्य पंप बंद ठेवून सबमर्सिबलनं काढलं, आणि तो चालू असताना पाण्याला हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना बजावलं. या फेऱ्या मी स्वतःच केल्या. १८० चे १३५, मग १००, ७५, ५५ आणि काल ४५. पाच फेऱ्यांत ६०,००० लिटर पाणी गेलं. एकदम काढता आलं असतं तर ३६,००० मध्ये भागलं असतं. जास्तीचं पाणी जाताना जीव हळहळला, पण पूल जागेवर आहे. तिसऱ्या फेरीनंतर पाणी खुलायला लागलं.

फिल्टर त्यानं उघडला. वाळूचे गोळे झाले होते आणि पाणी मधल्या भेगांतून गाळल्याशिवायच पुढे जात होतं. वाळू बदलली. आता स्वच्छ असताना गेज ११ दाखवतो. तो आकडा त्यानं मार्करनं टाकीवरच लिहिला आणि सांगितलं की ८ ते १० नं वाढला की बॅकवॉश. दर महिन्याला नको, पण वर्षातून दोनदा येऊन जा, असं मीच त्याला म्हटलं. रोजचं सगळं पुन्हा माझ्याकडे.

आजचे आकडे: क्लोरीन ४, जोड क्लोरीन (घाणीशी जोडलं गेलेलं, वापरून झालेलं) ०.२, पीएच ७.४, क्षारता ९०, सायन्युरिक ४५. उद्या सकाळी सासऱ्यांना उतरू देऊ का?

पंपघर

आकडे छान आहेत. काठावर उभं राहून खोल बाजूच्या तळाची जाळी स्पष्ट दिसते का?

निळी_पायरी

दिसते. तिचे स्क्रूसुद्धा मोजता येतात. चारही आहेत.

पंपघर

मग उतरू द्या. पहिल्या दिवशी तुम्ही काठावर थांबा.